विरुद्ध एक

प्रज्ञा,

गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात पान तीनवर एक शब्द चुकीचा आहे. विषय क्रमांक सहा: सोसायटीचे मागचे फाटक कायमचे बंद करणे. शेवटची ओळ: 'ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' सभेला एकतीस सभासद हजर होते. तीस हात बाजूने वर झाले, एक विरुद्ध. तो एक तुझा होता. इतिवृत्त मी लिहिलं.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा जातो. तीस वर्षं डेस्कवर काढली, असे खुलासे किती लिहिले ते आठवत नाही. त्यांची रीत ठरलेली असते. काय छापलं गेलं, काय हवं होतं, दिलगिरी. चूक का झाली ते लिहायचं नसतं. तुला नेमकं तेच हवं होतं. वर्षभर तू विचारत राहिलीस, मी टाळत राहिले. तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले.

बातमी लिहिताना वाचकाला काहीच ठाऊक नाही असं धरून चालतात, म्हणून तुला पाठ असलेलंही लिहिते. आपली इमारत अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे. अठ्ठेचाळीस फ्लॅट. पुढचं फाटक मोठ्या रस्त्यावर, समोरच बसस्टॉप. मागचं फाटक लोखंडी गजांचं, ते वस्तीच्या गल्लीत उघडायचं. तू त्या वस्तीत वाढलीस, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झालीस, आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलीस. धाकटी बहीण मंगल मागे गल्लीतच राहिली. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या घराचा पत्रा दिसतो. वस्तीतल्या बायका सकाळी मागच्या फाटकाने आत यायच्या, पार्किंगमधून पुढच्या फाटकाने बाहेर पडायच्या आणि बस पकडून साकीनाक्याच्या गाळ्यांत कामाला जायच्या. मंगल त्यांतलीच, बाटल्यांच्या बुचांच्या पॅकिंगला. इमारत नव्हती तेव्हा तिथे पायवाट होती. बिल्डरने भिंत घातली, लोक चालतच राहिले, म्हणून त्याने फाटक ठेवलं, असं तुझे वडील सांगायचे. त्याचा कागद कुठेही नाही.

सभा पार्किंगमध्येच झाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. दहाची सभा गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब झाली. तहकूब सभा त्याच जागी पुन्हा भरली की गणपूर्ती लागत नाही. हा नियम सगळ्यांना इतका पाठ आहे की लोक खाली उतरतातच मुळी साडेदहाला. तू मात्र दहाला येऊन बसायचीस. "आता दोघींनी बसून अख्खी बिल्डिंग विकली तरी कायदेशीर आहे गं," तू मला म्हणालीस. "बोल, विकायची?"

सहाव्या विषयावर अध्यक्ष देसाई बोलले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, शांत, नीटनेटका. एक सायकल गेली होती. वाळत घातलेले कपडे गेले होते. माझ्या स्कूटरची बॅटरी गेली होती. कोणत्या फाटकाने गेली ते कुणी पाहिलं नव्हतं. त्या लोकांना किती दिवस सांभाळून घ्यायचं, असं मागून कुणीतरी म्हणालं. तू उठलीस आणि विचारलंस, ते लोक म्हणजे कोण. उत्तर देसाईंनी दिलं, तेही अगदी मऊ आवाजात.

"तुमचं वेगळं आहे हो, प्रज्ञाताई."

त्यानंतर तू चार मिनिटं बोललीस. माझ्या वहीत वेळ आहे. पायवाट इमारतीच्या आधीची आहे, हे सांगितलंस. बायकांच्या बसची वेळ सांगितलीस. मग म्हणालीस की या ठरावाचा त्रास ज्यांना होणार त्यांच्यापैकी मत कुणालाच नाही, मला सोडून. तेव्हा माझं मत एकटीचं धरू नका. आवाज चढवला नाहीस. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढाच होता. देसाईंनी आभार मानले आणि हात वर करायला सांगितलं.

त्या तीस हातांत एक माझा होता. उजव्या हातात पेन होतं म्हणून मी डावा वर केला. तू पाहिलंस. संध्याकाळी कंपाउंडमध्ये फेऱ्या मारताना तू म्हणालीस, "उजवा आपोआप वर जातो. डावा वर करायला विचार करावा लागतो." अर्धी फेरी झाल्यावर पुढे म्हणालीस, "शाई लावायचा हात आहे तो."

त्या दिवशी एवढंच.

शाईबद्दल बोलायचा तुला हक्क होता. प्रत्येक निवडणुकीत तुझी ड्युटी लागायची. गेल्या काही निवडणुकांत तर केंद्राध्यक्ष म्हणून, म्हणजे त्या एका खोलीतलं मतदान सगळं तुझ्या जबाबदारीवर. मी निकालाच्या दिवशी डेस्कवर राबणारी. तू मतदानाचा दिवस सांगायचीस, मी मोजणीचा, आणि आपलं जुनं भांडण तिथूनच सुरू व्हायचं. माझं म्हणणं असं, की लोकशाही म्हणजे शेवटी बेरीज. जे मोजलं गेलं नाही ते घडलंच नाही. तू म्हणायचीस, बेरीज मशीन करतं, माणसं लागतात ती त्याच्या आधी.

गोरेगावच्या केंद्रावरचे ते म्हातारे गृहस्थ तू मला तीनदा तरी सांगितलेस. दुपारी ते मत द्यायला आले तर यादीत त्यांच्या नावावर खूण. सकाळीच कुणीतरी त्यांच्या नावाने मत देऊन गेलं होतं. ओळखपत्र खरं, बोट कोरं. पक्षांचे एजंट म्हणाले, काका, झालंय तुमचं, घरी जा. तू नियमांचं पुस्तक काढलंस. अशा माणसाला प्रदत्त मत देता येतं. ड्युटीवरचे सगळे त्याला टेंडर व्होट म्हणतात. ते यंत्रावर नसतं, कागदी मतपत्रिकेवर असतं. ती पाकिटात घालून वेगळी ठेवतात आणि सहसा मोजत नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं तरच कधीतरी पाकीट उघडायचं. त्यांनी विचारलं, हे मोजणार का. तू खरं ते सांगितलंस. मग कशाला, त्यांनी विचारलं.

"तुम्ही आला होता, हे राहील," तू म्हणालीस.

ते आडोशामागे गेले आणि चांगली तीन-चार मिनिटं लावून शिक्का मारून आले. रांग खोळंबली. एजंट कुरकुरले. तू कुणालाही घाई करू दिली नाहीस.

एकदा मी त्याची बातमी करायला घेतली. दुसऱ्या वाक्यात अडकले. निकालावर परिणाम नाही, मग बातमी कशाची. तुला तसं सांगितलं तर म्हणालीस, "तुला निकालाशिवाय काही दिसत नाही का गं, पेपरवाली?" मी म्हटलं, वाचकाला दिसत नाही. तू म्हणालीस, वाचकाच्या नावावर तुम्ही लोक काहीही खपवता.

माझी शिफ्ट असायची तेव्हा तू माझ्या आईजवळ बसायचीस, हे इथे नोंदवायला हवं. तिला पेपर वाचून दाखवायचीस आणि मथळ्यांतल्या चुका लाल पेनाने गोल करून माझ्यासाठी ठेवायचीस. घरी आल्यावर टेबलावर लाल गोलांचा पेपर आणि त्यावर झाकलेलं ताट. आई नव्वदीला आलेली, चाकाच्या खुर्चीत. त्या ठरावाच्या चार महिने आधी मतदान होतं. आपलं केंद्र वस्तीपलीकडच्या शाळेत. तू घरून मत देण्याचा फॉर्म आणून दिलास. आईने चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि परत दिला. मत द्यायला माणसाने जायचं असतं, म्हणाली. तुझी ड्युटी दुसरीकडे होती, मी ऑफिसात. तू मंगलला सांगून ठेवलं होतंस. मंगल आणि तिची शेजारीण मागच्या फाटकाने आल्या, खुर्ची गल्लीतून घेऊन गेल्या. गटारावरच्या फरश्या हलत होत्या तिथे दोघींनी खुर्ची सरळ उचलली. आई परत आली ती बोट वर धरूनच. संध्याकाळपर्यंत तिने ते खाली केलं नाही. डिसेंबरात ती गेली.

म्हणजे मे महिन्यात माझी आई ज्या फाटकाने मत देऊन आली, ते बंद करायला सप्टेंबरात मी हात वर केला. दोन्ही घटना घडल्या आहेत. त्यांच्यामध्ये लिहिता येईल असा शब्द मला अजून सापडलेला नाही.

आता इतिवृत्ताबद्दल. त्याचा साचा आधीच्या सेक्रेटरीच्या काळापासून संगणकात आहे. प्रत्येक ठरावाखाली 'सूचक', 'अनुमोदक' आणि 'सर्वानुमते मंजूर करण्यात आला' हे आधीच टाइप केलेलं असतं. आपण फक्त नावं भरायची. मला सेक्रेटरी केलं तेही शुद्धलेखन चांगलं म्हणून. त्या सभेतले पहिले पाच ठराव खरोखर सर्वानुमते झाले होते. सहाव्याखाली शब्द तसाच राहून गेला, असं मी तुला सांगितलं.

तू माझ्या दारात उभी राहून ऐकून घेतलंस. हातात इतिवृत्ताची प्रत, पान तीन उघडलेलं, शब्दाभोवती लाल गोल.

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्यास. आपली बरी सुटली?"

मी साच्याचं पुन्हा सांगितलं. तू म्हणालीस, साचा म्हणजे काय, आपोआप वर जाणारा हातच की. मग हसलीस आणि म्हणालीस, उद्या मी गेले की दुखवट्याचा ठराव तूच लिहिणार. "तिथे तरी सर्वानुमते लिहू नकोस हं. कुणीतरी सुटलो म्हणेलच."

दोन दिवसांनी तू रीतसर पत्र घेऊन आलीस. दोन प्रती. माझा विरोध आणि त्याचं कारण इतिवृत्तात घ्यावं, अशी मागणी. एक प्रत मला दिलीस, दुसरीवर पोच मागितलीस. मी हसले. मला पोच मागतेस, असं विचारलं.

"तुला नाही. सेक्रेटरीला मागतेय."

मी सही केली, तारीख टाकली. मग तू आत आलीस, चहा प्यायलीस आणि साखर कमी आहे म्हणालीस.

मी लेखी उत्तर दिलं, की दुरुस्ती पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडता येईल, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' या पहिल्या विषयात. उत्तर नियमाला धरून होतं. पुढची सभा एका वर्षाने होती. दरम्यान फाटकाला कुलूप लागलं. नोव्हेंबरात पुन्हा मतदान आलं तेव्हा सभासदांच्या सोयीसाठी ते एक दिवस उघडलं आणि सहा वाजता पुन्हा लावलं. वस्तीतल्या लोकांनी एका कार्यालयात अर्ज केला, की ही आमची वहिवाटीची वाट आहे. चार महिन्यांनी उत्तर आलं, की फाटक बंद ठेवण्यास संस्थेच्या सर्व सभासदांची संमती असल्याचं इतिवृत्तावरून दिसतं. वॉर्डात नगरसेवक नव्हता. महापालिकेच्या निवडणुकाच वर्षानुवर्षं लांबलेल्या. जाऊन बसायला दुसरं दार नव्हतं. तू ते उत्तर मला वाचून दाखवलंस आणि 'सर्व' या शब्दावर थांबून माझ्याकडे पाहिलंस. तरी आपल्या संध्याकाळच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. मागच्या भिंतीशी आलो की मंगल गजांपलीकडे उभी असायची, तुम्ही दोघी बोलायचात, मी मोबाइल बघायची.

तुझ्या मृत्यूचा फाटकाशी संबंध नाही. वस्तीत तसं बोललं गेलं, म्हणून स्पष्ट लिहिते. मेंदूत रक्तस्राव झाला, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तू गेलीस. डॉक्टरांचा कागद मी वाचला आहे. फाटकाचा संबंध त्या सकाळशी आहे.

सकाळी नऊला तुला घरी आणलं. गाडी पुढच्या फाटकात. पाच मिनिटांत मागच्या फाटकाशी गर्दी झाली. मंगल गजांना धरून उभी होती, तिच्या मागे पांढऱ्या साड्यांतल्या बायका. ओरडत कुणीच नव्हतं. किल्ली सोसायटीच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे. मी खाली गेले, कपाट उघडलं, फाटकाची किल्ली हातात घेतली. पण ठरावात लिहिलं आहे, की समितीच्या मंजुरीशिवाय फाटक उघडता येणार नाही. ते वाक्यही माझंच. मी समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: अंत्यदर्शनासाठी मागचे फाटक एक तास उघडण्यास मंजुरी द्यावी. सात जणांची समिती, चार होकार हवेत. माझा धरून तीन अंगठे लगेच आले. देसाई पुण्याला होते. बाकीचे ऑफिसच्या वाटेवर असतील. मी पार्किंगमध्ये किल्ली धरून उभी राहिले. मंगल मला बघत होती. काही वेळाने तिने गज सोडले आणि सगळ्या जणी नाल्याच्या बाजूने वळसा घालायला निघाल्या. त्या पुढच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा गाडीचं मागचं दार लावत होते. चौथा अंगठा वीस मिनिटांनी आला, खाली दोन हात जोडलेले.

उघडलं असतं तर मला कुणी काय करणार होतं? काही नाही. एखादा मेसेज आला असता. हे मला तेव्हाही कळत होतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी वस्तीतल्या विहारात गेले. पुढच्या फाटकाने, मोठ्या रस्त्याने, नाल्यावरच्या पुलाने. फाटक बंद झाल्यापासून मी ती वाट पहिल्यांदा चालले. घड्याळ लावलं होतं. तेवीस मिनिटं. पूर्वी दोन लागायची. वंदना झाल्यावर मंगलने प्लॅस्टिकची फाइल आणून माझ्या मांडीवर ठेवली. तुझ्या पत्राची प्रत, त्यावर माझी सही. ताईने सांगितलं होतं पोच जपून ठेव, एवढंच ती म्हणाली, आणि मला चहा हवा का ते विचारलं.

आता तुला हवं होतं ते. शब्द राहून गेला नव्हता, प्रज्ञा. छपाईआधी मी तो दोनदा वाचला. 'बहुमताने' लिहिलं की वाचणारा विचारणार, विरोध कुणाचा. मग तुझं नाव लिहावं लागणार, मग कारण, मग तुझी चार मिनिटं, आणि देसाईंचं ते वाक्यही. मग त्या तीस हातांनी काय केलं ते कागदावर दिसणार. 'सर्वानुमते' लिहिलं की कुणीच कुणाविरुद्ध नव्हतं. मी स्वतःला समजावलं, की मी तुला वाचवतेय. माझा डावा हात उरलेल्या एकोणतिसांत दिसेनासा करायचा होता, एवढंच ते होतं. डेस्कवर याला वाक्य गुळगुळीत करणं म्हणतात. मला ते चांगलं येतं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. तो स्वीकारायला समितीची सभा लागते, सभेला विषयपत्रिका लागते, आणि विषयपत्रिका सेक्रेटरी तयार करते. देसाई म्हणाले, दुसरं कोण लिहिणार हो. दुरुस्तीचं मी त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अहो, माणूस गेलं. आता कुणासाठी उकरायचं?" शिवाय नियम असा, की इतिवृत्तात दुरुस्ती करायची तर ती सभेने बहुमताने मान्य करावी लागते. म्हणजे तू तिसांविरुद्ध एकटी होतीस, हे लिहायलाही त्याच तिसांची परवानगी हवी. मी नियम तीनदा वाचला. दुसरा अर्थ निघत नाही.

या रविवारी सभा झाली. दहाला मी एकटी होते. साडेदहाला बाकीचे उतरले. तुझी नॉमिनी मंगल आहे, पण तिचा सभासदत्वाचा अर्ज समितीने अजून पाहिलेला नाही, त्यामुळे तिला बसता आलं नाही. आधी दुखवटा. सगळे उठले, खुर्च्या वाजल्या, दोन मिनिटं पूर्ण व्हायच्या आधीच देसाई बसले. मग पहिला विषय. मी तुझं पत्र वाचलं, पोचेच्या तारखेसकट. मग दुरुस्ती वाचली: 'सर्वानुमते' ऐवजी 'बहुमताने, बाजूने तीस, विरुद्ध एक' असे वाचावे. देसाईंनी विचारलं, सूचक तुम्ही, अनुमोदक कोण. अनुमोदक नसेल तर सूचना तिथेच पडते. पहिल्या मजल्यावरच्या साठ्यांनी विचारलं, अनुमोदन म्हणजे पाठिंबा नव्हे ना. मी म्हटलं, नाही, फक्त मतदान होऊ दे एवढंच. मग लिहा माझं नाव, ते म्हणाले. आणि मतदानाला त्यांनी विरुद्ध हात वर केला.

मी पेन खाली ठेवलं होतं. उजवा आपोआप वर जातो, असं तू म्हणायचीस. गेला नाही. उचलावा लागला.

बाजूने एक, विरुद्ध सव्वीस. देसाई म्हणाले, झालं, पुढचा विषय.

इतिवृत्त मी सोमवारी लिहिलं, साच्याशिवाय, कोऱ्या पानावर. फेटाळलेली सूचनाही इतिवृत्तात घ्यावी लागते. काय फेटाळलं ते लिहिल्याशिवाय फेटाळलं असं लिहिता येत नाही. त्यामुळे तुझं पत्र जसंच्या तसं आलं. पायवाट, बायकांची बस, ज्यांना त्रास त्यांना मत नाही, सगळं. दुरुस्तीचा मजकूर आला. त्याखाली, 'सूचना बहुमताने फेटाळण्यात आली.' मसुदा वाचून देसाईंचा फोन आला, एवढं सगळं लिहायची गरज आहे का, एका ओळीत घ्या. एका ओळीत घेण्याचीच मी तीस वर्षं नोकरी केली. या वेळी जमत नाही, मी म्हटलं. ते पुढच्या वर्षी याच्यावर दुरुस्ती आणतील. तेव्हा तिचाही मजकूर लिहावा लागेल.

मग त्यांनी विचारलं, दुखवट्याच्या ठरावाखाली 'सर्वानुमते' राहिलंय, विरोध होता का कुणाचा? मी म्हटलं, राहिलेलं नाही, काढलंय. तिने सांगून ठेवलं होतं.

आपलं मूळ भांडण तसंच आहे. बेरजेत काही फरक पडलेला नाही. फाटक बंद आहे, राजीनामा विषयपत्रिकेवर यायचा आहे, लिफ्टमध्ये लोक माझ्याशी हवामानावर बोलतात. काल सकाळी मागच्या भिंतीशी गेले. मंगल कामावर निघाली होती, मला बघून गजांशी आली.

उघडणार का, तिने विचारलं. नाही, मी म्हटलं. मग सभेत झालं काय?

मी इतिवृत्ताची प्रत गजांतून तिच्या हातात दिली, नॉमिनी म्हणून. तिने पान दोन उभ्या उभ्या वाचलं, ओळीखालून बोट नेत. तुझ्या नावाशी थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कागद घडी न घालता पिशवीतल्या फाइलमध्ये ठेवला. तो त्या कार्यालयातल्या वहिवाटीच्या अर्जाला लावता येईल का, असं विचारलं. येईल, मी म्हटलं.

"मग पोच देते," ती म्हणाली. "ताई घ्यायची."

माझ्या प्रतीवर सही करायला तिने कागद फाटकाच्या पट्टीवर टेकवला. तारीख मला विचारली. मी सांगितली. ती लिहून, बस गाठायची म्हणून ती नाल्याच्या बाजूने निघाली.